रेषा आखणारे आणि रेषांच्या आत खेळणारे : हिंगोलीची छावणी, पुण्याचा जिमखाना आणि टेनिसचे दार

१/
पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. ही हिंगोली शहरातील वस्त्यांची नावे. पलटण म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ, पेन्शनपुरा म्हणजे निवृत्त शिपायांची वस्ती. ज्या फौजेमुळे ही नावे पडली ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी निघून गेली. नावे तेवढी राहिली. छावणीने गावाला आणखी काय दिले असते, आणि काय दिले नाही, हे समजण्यासाठी एका खेळाचा मागोवा घेणे उपयोगी ठरते. तो खेळ म्हणजे लॉन टेनिस. (धागा)

२/
प्रथम ही फौज कोणाची, हे पाहू. हिंगोली तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानात इंग्रजांच्या दोन प्रकारच्या फौजा असत. एक तैनाती फौज. तिचे ठाणे सिकंदराबादला. दुसरी 'हैदराबाद कंटिंजंट'. रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास उभारलेल्या 'रसेल ब्रिगेड'मध्ये तिचे मूळ आहे. शिपाई हिंदी, वरचे अधिकारी इंग्रज आणि खर्च निजामाचा, अशी तिची रचना होती. बोलारम, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) आणि हिंगोली ही तिची काही ठाणी.

३/
या फौजेच्या खर्चाची थकबाकी वाढत गेली आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा महसूल तिच्यासाठी लावून देण्यात आला. म्हणजे अकोला-अमरावतीच्या कापूस उत्पादकाचा शेतसारा हिंगोलीच्या रिसाल्याच्या घोड्यांना पोसत होता. पुढे नोव्हेंबर १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यात नवा करार झाला. वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या बदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली आणि १९०३ मध्ये हिंगोलीचे छावणी म्हणून असलेले स्थान संपले.

४/
आता टेनिसकडे. मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने फेब्रुवारी १८७४ मध्ये एका पेटंटची नोंदणी केली. पेटंट खेळाच्या नियमांचे नव्हते. ते 'हलवता येण्याजोग्या' कोर्टाचे होते. एका लाकडी पेटीत जाळी, खुंट, रॅकेटी, रबरी चेंडू आणि नियमांची पुस्तिका, किंमत पाच गिनी. याच्या आधीचे दरबारी टेनिस चार भिंतींच्या आत खेळले जाई. कापडाच्या चिंध्या भरलेला तो घट्ट चेंडू गवतावर उसळतच नसे. प्रक्रिया केलेल्या रबराचा चेंडू आला आणि खेळ भिंतींबाहेर पडला.

५/
विंगफील्डचे कोर्ट मध्यभागी निमुळते, वाळूच्या घड्याळासारखे होते. १८७७ मध्ये विंबल्डन येथे पहिली स्पर्धा झाली तेव्हा ते काटकोनी झाले: लांबी ७८ फूट, रुंदी २७ फूट. दुहेरीसाठी रुंदी ३६ फूट. ही मापे आजही तीच आहेत. तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. लॉन टेनिसची पहिली २९ वर्षे (१८७४ ते १९०३) आणि हिंगोलीच्या छावणीची अखेरची २९ वर्षे एकच आहेत. पेटीत मावणारा हा खेळ नेमका त्याच काळात आगबोटीने, रेल्वेने आणि बैलगाडीने हिंदुस्थानातील छावण्याछावण्यांत पोहोचत होता.

६/
छावण्यांमध्ये या खेळाला घर मिळाले ते 'जिमखान्या'त. हा शब्द मोठा गमतीचा आहे. इंग्रजांना तो हिंदुस्थानी वाटे आणि हिंदी लोकांना इंग्रजी. 'गेंदखाना' या देशी शब्दावर 'जिम्नॅस्टिक्स'ची छाया पडून तो घडला असावा, असे सामान्यतः मानले जाते. त्याचा आरंभीचा वापर १८६१ मध्ये रुरकी येथील नोंदवला आहे. खेळाचे मैदान, बैठकीची खोली, मद्यपानाची सोय, वाचनाची टेबले आणि दारावर सभासदांची यादी असे या संस्थेचे स्वरूप होते. यातील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जिमखाना म्हणजे आत कोण येणार हे ठरवणारी संस्था.

७/
इंग्लंडमध्ये पाऊस आणि गवत फुकट मिळते. दख्खनमध्ये तसे नाही. येथील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते. तिच्यावर चेंडू सरळ उसळेल असे कोर्ट करायचे तर खाली दगड, वर मुरूम, मग पाणी आणि त्यावर रोलर, हा क्रम रोज चालवावा लागतो. दक्षिण भारतात कित्येक ठिकाणी कोर्टे शेणाने सारवली जात. शेवटी दोरी ताणून चुन्याच्या रेषा मारायच्या. मराठी मैदानांवर जिला 'फक्की' म्हणतात तीच ही पांढरी पूड. थोडक्यात, संध्याकाळच्या एका तासाच्या खेळामागे सकाळपासूनची मजुरी असे.

८/
ही मजुरी कोण करत असे, याचे उत्तर बहुतेक जिमखान्यांच्या इतिहासात सापडत नाही, कारण सभासदांची यादी फलकावर कोरली जाते आणि रोलर ओढणाऱ्यांची यादी कोठेच लागत नाही. या नियमाला एक मोठा अपवाद मात्र पुण्यात आहे. त्या मजुरांपैकी एकाचे नाव पुढे साऱ्या हिंदुस्थानाला ठाऊक झाले. ते नाव पालवणकर बाळू.

९/
बाळूंचा जन्म धारवाडचा, चर्मकार समाजातला. वडील लष्कराच्या सेवेत होते. पुण्यात आधी पारशी क्लबकडे महिना तीन रुपयांवर आणि १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या क्लबकडे महिना चार रुपयांवर ते कामाला लागले. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, सरावाच्या जाळ्या उभारणे आणि गरज पडेल तेव्हा टेनिस कोर्टाच्या रेषा आखणे ही त्यांची कामे. सरावात इंग्रज फलंदाजांना गोलंदाजी करणेही त्यांच्याकडे आले. कॅप्टन ग्रेग हा कसलेला फलंदाज त्यांच्या चेंडूंवर तासन् तास सराव करी. बाळूंच्या हाती बॅट मात्र दिली जात नसे.

१०/
पुण्याच्या हिंदू संघाला या डावखुऱ्या गोलंदाजाची गरज होती, म्हणून त्यांना संघात घेतले गेले. मैदानावर चेंडू सर्वांच्या हातातून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी १०० हून अधिक बळी घेतले. क्रिकेटला त्यांच्या बोटांची गरज होती, म्हणून दार किलकिले झाले. टेनिसला त्यांच्याकडून केवळ रेषा हव्या होत्या. ज्या कोर्टाच्या रेषा ते आखत, त्या रेषांच्या आत त्यांना जागा नव्हती.

११/
ही दारे केवळ इंग्रजांनी बंद केलेली नव्हती, हेही नीट पाहायला हवे. मुंबईत १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना उभा राहिला, तो युरोपियनांचा. मग १८८५ मध्ये पारशी जिमखाना आला आणि १८९० च्या दशकात मरीन लाइन्सच्या किनाऱ्यावर इस्लाम जिमखाना व हिंदू जिमखाना उभे राहिले. ज्यांना एका दाराबाहेर ठेवले गेले त्यांनी आपापली दारे बांधली आणि त्या प्रत्येक दारावर पुन्हा एक यादी लागली. मैदाने एका रांगेत होती. खेळाडू धर्मवार वाटले गेले होते.

१२/
या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर १९०६ मधील पुण्याची घटना पाहावी. बाळकृष्ण नारायण तथा बंडोपंत भाजेकर यांच्या पुढाकाराने 'डेक्कन जिमखाना' स्थापन झाला. नावात धर्म नव्हता, प्रदेश होता. देशी आणि विदेशी दोन्ही प्रकारच्या खेळांना तेथे जागा मिळाली. हिंगोलीची छावणी उठली त्यानंतर तीनच वर्षांनी हे घडले. सैन्य हलते तेव्हा घोडे, मेसचे सामान आणि खेळाच्या पेट्या त्याच्याबरोबर हलतात. खेळ मागे उरायचा असेल तर त्याआधी गावात तो उचलून धरणारे हात आणि वर्गणी भरणारे खिसे तयार असावे लागतात.

१३/
पुण्यात ते तयार होते. वकील, प्राध्यापक, डॉक्टर, सरकारी नोकर असा शिकलेला वर्ग, महाविद्यालये, वृत्तपत्रे आणि सभा-संस्था चालवण्याची जुनी सवय तेथे होती. हिंगोलीत छावणीच्या भोवती बाजार वाढला आणि कापसाचा व्यापार भरभराटला. पण राज्यकारभाराची भाषा लोकांच्या भाषेहून निराळी होती आणि उच्च शिक्षणासाठी दूर जावे लागे. एकाच दख्खनमधल्या दोन लष्करी ठाण्यांची वाट येथे फुटली. लोकांच्या हौसेत फरक होता असे मानण्यास आधार नाही. फरक होता संस्था उभारण्याच्या साधनांत.

१४/
डेक्कन जिमखान्याचे दार किती उघडे होते? १९१९-२० ची गोष्ट याचे उत्तर देते. सर दोराबजी टाटा तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष होते. तेथील शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी त्यांनी पाहिले आणि त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळपास जातात हे त्यांच्या ध्यानात आले. यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी छोटा हिंदी संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले, सदाशिव दातार धावले, कुमार नवले आणि रणधीर शिंदे कुस्ती लढले. शेतकरी धावपटू आणि मल्ल जिमखान्याच्या मैदानातून थेट ऑलिंपिकला पोहोचले.

१५/
टेनिसची कथा याहून वेगळी आहे. अखिल भारतीय लॉन टेनिस संघटना १९२० मध्ये स्थापन झाली. पुढच्याच वर्षी डेव्हिस करंडकात हिंदुस्थानने पॅरिसमध्ये फ्रान्सला ४-१ असे हरवले. एस. एम. जेकब, मोहम्मद सलीम आणि मुंबईचे फैजी या संघात होते. कामगिरी असामान्य होती; पण संघ सनदी अधिकारी, बॅरिस्टर आणि सधन घराण्यांतील पदवीधरांचा होता. धावण्यासाठी पाय पुरतात. टेनिससाठी रॅकेट, चेंडू, कोर्ट, जोडीदार आणि फुरसत लागते, आणि या पाचही गोष्टी एकत्र मिळण्याचे ठिकाण एकच होते, ते म्हणजे क्लब.

१६/
हिंगोली ज्या संस्थानात होती त्या संस्थानानेही एक थोर टेनिसपटू दिला. सय्यद मोहम्मद हादी हे हैदराबादचे, केंब्रिजमध्ये शिकलेले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते टेनिस खेळले आणि डेव्हिस करंडकातही उतरले. १९३४-३५ मध्ये रणजी करंडकाच्या इतिहासातील पहिले शतक त्यांचेच: मद्रासविरुद्ध नाबाद १३२. सात खेळांत प्रावीण्य, म्हणून त्यांना 'रेनबो हादी' म्हणत. एकाच निजामाची प्रजा असलेल्या हिंगोलीच्या एखाद्या मुलाला हादींचा पराक्रम अभिमानाचा वाटू शकला असता; त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची पायरी मात्र त्याच्या गावात नव्हती.

१७/
मराठी घरांतूनही एक वाट विंबल्डनपर्यंत गेली. शंकर पांडुरंग पंडित हे तुकारामांच्या गाथेच्या सरकारी आवृत्तीचे एक संपादक. त्यांची कन्या क्षमाबाई राव संस्कृत लेखिका आणि स्वतः टेनिसपटू. क्षमाबाईंची कन्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विंबल्डनमध्ये सामना जिंकला; असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. स्त्रियांना पुष्कळ मैदाने बंद होती त्या काळात हे घडले, म्हणून त्याचे मोल मोठे आहे. त्याचबरोबर हेही खरे की पिढ्यान् पिढ्यांची विद्या आणि मुंबईतील सधन घर त्यांच्या पाठीशी होते. दार लिंगभेद ओलांडून उघडले, वर्गभेद ओलांडून नव्हे.

१८/
यादीत नाव नसलेल्या माणसाला आणखी एका नियमाने अडवले. तो नियम 'हौशी' खेळाडूचा. भारतीय क्लबांत 'मार्कर' नावाचा पगारी माणूस असे. सभासदाला जोडीदार नसेल तर त्याच्याशी खेळायचे, नवख्याला फटके शिकवायचे, हे त्याचे काम. रोज खेळून अनेक मार्कर सभासदांपेक्षा सरस होत. परंतु खेळातून पैसे मिळवणारा तो व्यावसायिक, आणि मोठ्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी. विंबल्डनसारख्या स्पर्धा व्यावसायिकांना खुल्या झाल्या त्या १९६८ मध्ये. ज्याचे पोट खेळावर चाले त्याला स्पर्धेत प्रवेश नाही, असा हा उलटा न्याय जवळजवळ नव्वद वर्षे टिकला.

१९/
पुढचा काळ सर्वांना परिचित आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. डेक्कन जिमखान्याच्या कोर्टांवर आज आंतरराष्ट्रीय महिला स्पर्धा होतात आणि पुण्याच्याच बालेवाडीत काही वर्षे पुरुषांची एटीपी स्पर्धाही भरली. १९०३ आणि १९०६ या दोन तारखांमधले अंतर तीन वर्षांचे. त्यातून निर्माण झालेले अंतर शतकाचे झाले.

२०/
हिंगोलीने स्वतःचे मैदान मात्र जपले. रामलीला मैदानावर भरणारा दसरा महोत्सव छावणीच्या काळापासून चालत आल्याचे मानले जाते. त्या मैदानाला सभासदांची यादी नाही. खेड्यांतून आलेला शेतकरी, बाजारातला व्यापारी आणि पेन्शनपुऱ्यातील वृद्ध तेथे एकाच धुळीत उभे राहतात. क्लबच्या कोर्टाच्या अगदी उलट अशी ही कल्पना आहे, आणि सार्वजनिक जागेचा इतिहास लिहिताना ती जिमखान्याइतकीच महत्त्वाची मानायला हवी.

२१/
एक वस्तू मात्र क्लबचे कुंपण ओलांडून हिंगोलीच्या प्रत्येक तालुक्यात पोहोचली. ती म्हणजे टेनिसचा चेंडू. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, कोठेही जावे; कापणी झालेल्या शेतात किंवा शाळेच्या पटांगणात मुले टेनिस बॉलवर क्रिकेट खेळताना दिसतात. चामड्याच्या चेंडूला पॅड, हातमोजे आणि चांगली खेळपट्टी लागते. या चेंडूला फळी पुरते. गवतावर उसळावा म्हणून विंगफील्डच्या पेटीत आलेला रबरी चेंडू काळ्या मातीवर उसळतो आहे. खेळणाऱ्यांपैकी अनेकांनी टेनिसचे कोर्ट कधी पाहिलेले नसते.

२२/
इतिहासाची आवड असणाऱ्यांनी आपल्या गावातील जुन्या क्लबाकडे किंवा जिमखान्याकडे जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात. जमीन कोणी दिली आणि कशाच्या बदल्यात. सभासद होण्यासाठी काय लागत असे. आणि पहाटे कोर्टावर पाणी मारणारा, रोलर ओढणारा, फक्कीच्या रेषा आखणारा माणूस कोण होता. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दप्तरात मिळतील. तिसऱ्यासाठी जुन्या समूहचित्राच्या मागच्या रांगेतील, खाली नाव न छापलेल्या माणसाच्या घरी जाऊन विचारावे लागेल. त्याची मुले-नातवंडे बहुधा त्याच गावात असतात. (समाप्त)